प्रयोगशाळेत वाढणारे गोवंशीय भ्रूण आणि ताण : प्रतिसादाची यंत्रणा व तिची किंमत

सारांश :
प्रयोगशाळेत फलित केलेल्या गाईच्या भ्रूणाला आयुष्याचे पहिले सात दिवस मातेच्या शरीराबाहेर काढावे लागतात. या काळात त्याला तापमानातील बदल, जादा ऑक्सिजन, माध्यमाच्या आम्लतेतील चढउतार, पोषणद्रव्यांचे असंतुलन आणि हाताळणी असे अनेक ताण सोसावे लागतात. भ्रूण या ताणांना कसा प्रतिसाद देते, ही क्षमता त्याच्यात केव्हा निर्माण होते आणि तगून राहण्यासाठी त्याला कोणती किंमत मोजावी लागते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. सातव्या दिवशी जिवंत दिसणारे प्रत्येक भ्रूण निकोप असतेच असे नाही. म्हणूनच भ्रूणांच्या संख्येइतकाच त्यांच्या गुणवत्तेचा विचार होणे आवश्यक आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : गोवंशीय भ्रूण, बाह्यफलन, ताण, उष्णताघात प्रथिने, ग्लुटाथायोन, नियोजित पेशीमृत्यू, भ्रूण प्रत्यारोपण.

१. प्रस्तावना :
पशुप्रजननाच्या क्षेत्रात कृत्रिम रेतनानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणून भ्रूण प्रत्यारोपण व बाह्यफलन तंत्राकडे पाहिले जाते. अमेरिकेत १९८१ साली बाह्यफलनातून जगातील पहिले वासरू जन्मास आले. भारतात कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत १९९० साली ‘प्रथम’ हे बाह्यफलनातून जन्मलेले जगातील पहिले म्हशीचे पारडू जन्मले. पुढील काळात हे तंत्र प्रयोगापुरते मर्यादित न राहता व्यवसायाच्या पातळीवर पोहोचले. २०१६ साली जगभरात मातेच्या शरीरातून मिळवलेल्या भ्रूणांपेक्षा प्रयोगशाळेत तयार झालेल्या गोवंशीय भ्रूणांची संख्या प्रथमच अधिक झाली. भारतात डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय गोकुळ मिशन अंतर्गत देशी गोवंशाच्या संवर्धनासाठी व जातिवंत जनावरांच्या जलद वृद्धीसाठी या तंत्राला प्रोत्साहन देण्यात आले आहे.

या तंत्राचे आकर्षण उघड आहे. एरवी उत्तम दुधाळ गाय वर्षाकाठी फार तर एक वासरू देते. बाह्यफलन तंत्राने त्याच गाईपासून अनेक भ्रूण तयार करून ते सामान्य गाईंच्या गर्भाशयात वाढवता येतात. परंतु या यशकथेची दुसरी बाजू फारशी चर्चिली जात नाही. प्रयोगशाळेत वाढवण्यास घेतलेल्या अंडपेशींपैकी बहुसंख्य अंडपेशी प्रत्यारोपणायोग्य अवस्थेपर्यंत पोहोचत नाहीत, आणि पोहोचलेल्या भ्रूणांपैकीही अनेक पुढे गर्भाशयात टिकत नाहीत. हे का घडते, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग ‘ताण’ या संकल्पनेत दडलेला आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :
प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) प्रयोगशाळेत भ्रूणावर येणाऱ्या ताणांचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) ताणाला प्रतिसाद देणाऱ्या जैविक यंत्रणांचा व त्यांच्या कालक्रमाचा परिचय करून देणे.
३) ताण सोसून तगलेल्या भ्रूणाच्या पुढील वाटचालीचा विचार करणे.
४) पशुपालक व प्रयोगशाळा यांच्या दृष्टीने या ज्ञानाचे महत्त्व विशद करणे.

लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून तो उपलब्ध संशोधनावर, म्हणजे दुय्यम साधनांवर आधारलेला आहे. विविध विद्याशाखांतील अध्यापकांना विषय सुलभ व्हावा म्हणून तांत्रिक संज्ञा आवश्यक तेवढ्याच वापरल्या आहेत.

३. सात दिवसांचा प्रवास :
भ्रूणावरील ताण समजून घेण्यासाठी त्याचा प्रवास थोडक्यात पाहणे गरजेचे आहे. दाता गाईच्या अंडाशयातून सोनोग्राफीच्या साहाय्याने सुईद्वारे अपक्व अंडपेशी काढल्या जातात. त्या सुमारे २२ ते २४ तास परिपक्वन माध्यमात ठेवल्या जातात. त्यानंतर त्यांचा शुक्रपेशींशी संयोग घडवून आणला जातो. फलित अंडपेशी मग संवर्धन माध्यमात ठेवली जाते. इन्क्युबेटरचे तापमान गाईच्या शरीराइतके, म्हणजे सुमारे ३८.५ अंश सेल्सिअस असते आणि त्यातील हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे ५ टक्के राखले जाते.

फलनानंतर पेशी दुभंगत जातात. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ असे करीत पाचव्या-सहाव्या दिवशी पेशींचा घट्ट गोळा तयार होतो. त्यास मोरुला म्हणतात. सातव्या दिवसाच्या सुमारास या गोळ्यात द्रवाने भरलेली पोकळी निर्माण होते आणि ‘ब्लास्टोसिस्ट’ ही अवस्था येते. यातील आतील पेशीसमूहापासून वासरू घडते, तर बाहेरील स्तरापासून वार तयार होण्यास मदत होते. हीच अवस्था प्रत्यारोपणास योग्य मानली जाते.

या प्रवासातील गळती लक्षणीय असते. परिपक्वनासाठी ठेवलेल्या १०० अंडपेशींपैकी सुमारे ९० परिपक्व होतात, सुमारे ८० फलित होऊन विभाजनास प्रारंभ करतात. मात्र ब्लास्टोसिस्ट अवस्था साधारणतः ३० ते ४० भ्रूणच गाठतात. म्हणजेच सर्वाधिक गळती फलनाच्या वेळी होत नसून फलनानंतरच्या काही दिवसांत होते. नेमक्या याच काळात भ्रूण ताणाला सर्वात अधिक बळी पडते.

४. ताणाचे स्वरूप :
जीवशास्त्रात ‘ताण’ म्हणजे पेशीचा अंतर्गत समतोल ढळवणारी कोणतीही परिस्थिती. मातेच्या शरीरात भ्रूण पहिले तीन-चार दिवस अंडवाहिनीत आणि नंतर गर्भाशयात असते. तेथे तापमान, क्षारांचे प्रमाण व पोषणद्रव्ये भ्रूणाच्या गरजेनुसार बदलत जातात, टाकाऊ पदार्थ वाहून नेले जातात. प्रयोगशाळेत मात्र भ्रूण माध्यमाच्या एका थेंबात बंदिस्त असते. त्याच्यावर येणारे प्रमुख ताण असे :

अ) ऑक्सिडीकरणाचा ताण : अंडवाहिनी व गर्भाशयात ऑक्सिजनचे प्रमाण वातावरणातील प्रमाणाच्या निम्म्याहूनही कमी असते. वातावरणात ते सुमारे २० टक्के असते. जादा ऑक्सिजनमुळे पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी विध्वंसक रेणूद्रव्ये वाढतात व ती मेद, प्रथिने आणि डीएनए यांना इजा करतात. म्हणून अनेक प्रयोगशाळांत आता ५ टक्के ऑक्सिजन वापरला जातो.

आ) आम्लतेचा व तापमानाचा ताण : माध्यमाचा सामू कार्बन डायऑक्साइडवर अवलंबून असतो. निरीक्षणासाठी भ्रूणाची थाळी इन्क्युबेटरबाहेर काढली की काही मिनिटांतच हा वायू उडून जाऊ लागतो व सामू वाढू लागतो; तापमानही घसरते. माध्यमाच्या थेंबावर खनिज तेलाचा थर देण्यामागे हे बदल मंदावण्याचाच हेतू असतो.

इ) पोषणाचा ताण : सुरुवातीच्या दिवसांत गाईचे भ्रूण पायरुव्हेट व लॅक्टेट यांवर ऊर्जेसाठी विसंबून असते, ग्लुकोजचा वापर मोरुला अवस्थेच्या सुमारास वाढतो. प्रारंभीच ग्लुकोज अधिक दिल्यास विकास खुंटतो. माध्यमातील अमिनो आम्लांच्या विघटनातून अमोनियाही साचत जातो.

ई) गोठवणीचा ताण : भ्रूण साठवण्यासाठी उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवले जाते. पेशीतील पाण्याचे बर्फ होऊ नये म्हणून वापरलेली रसायने व पाण्याची झपाट्याने होणारी ये-जा हे दोन्ही भ्रूणासाठी कसोटीचे असते. गोठवलेल्या गोवंशीय भ्रूणापासून पहिले वासरू १९७३ साली इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे जन्मले. परंतु प्रयोगशाळेत वाढलेले भ्रूण गोठवणीला आजही मातेच्या शरीरातील भ्रूणापेक्षा कमी टिकते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. हे ताण एकेकटे येत नाहीत. तापमान वाढले की ऑक्सिडीकरण वाढते, ऑक्सिडीकरणाने प्रथिने बिघडतात आणि बिघडलेली प्रथिने दुरुस्त करण्यासाठी ऊर्जा खर्च होते. त्यामुळे भ्रूणाचा प्रतिसादही अनेक यंत्रणांच्या परस्पर सहकार्यातून घडतो.

५. पहिले तीन दिवस : उसन्या शिदोरीचा काळ :
प्रौढ पेशीवर ताण आला तर ती आपल्या जनुकांना हुकूम देऊन संरक्षक प्रथिने तयार करते. नवजात भ्रूणाला मात्र ही मुभा जवळजवळ नसते. गाईच्या भ्रूणाची स्वतःची जनुके मोठ्या प्रमाणावर कार्यरत होतात ती आठ ते सोळा पेशींच्या अवस्थेत, म्हणजे साधारणतः तिसऱ्या-चौथ्या दिवशी. तोपर्यंत भ्रूण अंडपेशीने साठवून ठेवलेल्या संदेशवाहक आरएनए व प्रथिनांवरच जगते. ही मातेकडून मिळालेली शिदोरी असते. ती पुरवून पुरवून वापरावी लागते आणि संपली तर तातडीने नवी मिळवता येत नाही.

अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात पीटर हॅन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर दीर्घकाळ संशोधन केले. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात दुभत्या गाईंना माजानंतर वेगवेगळ्या दिवशी उष्णतेचा ताण देण्यात आला. पहिल्या दिवशी ताण दिलेल्या गाईंच्या भ्रूणांचा विकास घटला. तिसऱ्या, पाचव्या वा सातव्या दिवशी दिलेल्या ताणाचा तसा परिणाम आढळला नाही. प्रयोगशाळेतील भ्रूणांवरही हेच चित्र दिसले. दोन पेशींच्या भ्रूणाला काही तास ४१ अंश सेल्सिअस तापमानात ठेवले असता ब्लास्टोसिस्ट होण्याचे प्रमाण ठळकपणे घटते. मोरुला अवस्थेतील भ्रूण मात्र तेच तापमान बऱ्याच अंशी सोसते.

यावरून असे दिसते की, ताण सोसण्याची क्षमता भ्रूणात जन्मतः पूर्ण नसते. ती टप्प्याटप्प्याने येते. तापमान तेच, कालावधी तोच, पण भ्रूणाच्या वयात दोन-तीन दिवसांचा फरक पडला की परिणाम बदलतो.

६. संरक्षणाच्या यंत्रणा :

६.१ उष्णताघात प्रथिने :
प्रथिनाचे कार्य त्याच्या घडीवर अवलंबून असते. उष्णतेने ही घडी विस्कटते आणि विस्कटलेली प्रथिने एकमेकांना चिकटून निकामी होतात. उष्णताघात प्रथिने अशा प्रथिनांना आधार देऊन त्यांची घडी पुन्हा बसवतात. यांपैकी ‘एचएसपी-७०’ हे प्रथिन गाईच्या भ्रूणात दोन पेशींच्या अवस्थेतही ताणानंतर तयार होऊ शकते, असे आढळले आहे. ज्या काळात बहुतेक जनुके निद्रिस्त असतात, त्या काळातही या संरक्षणाची सोय निसर्गाने ठेवली आहे, ही बाब उल्लेखनीय आहे. तथापि केवळ हे प्रथिन असणे पुरेसे नाही, कारण त्याच अवस्थेतील भ्रूण उष्णतेला सर्वात अधिक बळी पडते. घडी बसवण्याच्या कामाला ऊर्जा लागते आणि इतर संरक्षक यंत्रणांची साथही लागते.

६.२ ग्लुटाथायोन व ऑक्सिडीकरणविरोधी साखळी :
ऑक्सिजनपासून निर्माण झालेला सुपरऑक्साइड हा रेणू प्रथम एका विकराच्या मदतीने हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बदलला जातो आणि त्यानंतर दुसऱ्या विकरांच्या साहाय्याने त्याचे पाणी केले जाते. या दुसऱ्या पायरीत ग्लुटाथायोन हा लहानसा रेणू स्वतः ऑक्सिडीकृत होऊन पेशीला वाचवतो. वापरलेला ग्लुटाथायोन पुन्हा कामास येण्यासाठी ग्लुकोजच्या चयापचयातून मिळणारे सहविकर लागते.

ग्लुटाथायोनचा मोठा साठा अंडपेशीच्या परिपक्वनाच्या काळातच तयार होतो. त्या वेळी अंडपेशीभोवती असणाऱ्या क्युम्युलस पेशी त्यासाठी मदत करतात. परिपक्वन माध्यमात सिस्टिअमिन हा घटक मिसळल्यास हा साठा वाढतो व पुढील विकास सुधारतो, असे १९९० च्या दशकातील प्रयोगांनी दाखवले. म्हणजे भ्रूणाचे ताणाविरुद्धचे बळ काही अंशी फलनापूर्वीच ठरलेले असते. दाता गाईचे आरोग्य, आहार व तिने सोसलेला उन्हाळा यांचा प्रभाव म्हणूनच प्रयोगशाळेतील थाळीपर्यंत पोहोचतो.

६.३ नियोजित पेशीमृत्यू :
पेशी मरणे हे सकृद्दर्शनी अपयश वाटते. परंतु इजा झालेल्या पेशीने शिस्तबद्ध रीतीने स्वतःला संपवणे ही बहुपेशीय सजीवांची संरक्षक व्यवस्थाच आहे. गाईच्या भ्रूणात उष्णतेमुळे होणारा असा पेशीमृत्यू आठ ते सोळा पेशींच्या अवस्थेपासून पुढे दिसून येतो. त्यापूर्वी तो घडत नाही. दोन पेशींच्या भ्रूणात एक पेशी मरणे म्हणजे निम्मे भ्रूण गमावणे होय. शंभरावर पेशी असलेल्या ब्लास्टोसिस्टला मात्र काही पेशी गमावणे परवडते.

हॅन्सन यांच्याच प्रयोगशाळेतून २००२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष या दृष्टीने महत्त्वाचा आहे. उष्णता दिलेल्या भ्रूणांत पेशीमृत्यूची प्रक्रिया रसायनाद्वारे रोखली असता भ्रूणांचे नुकसान कमी होण्याऐवजी वाढले. काही पेशींचा त्याग भ्रूणाला वाचवतो, असा त्याचा अर्थ होतो. अर्थात हे मर्यादेतच खरे आहे. मृत पेशींचे प्रमाण फार वाढल्यास, विशेषतः आतील पेशीसमूहात, भ्रूण तग धरू शकत नाही.

मातेच्या शरीरातील काही संकेतरेणूही या तोलात भाग घेतात. इन्सुलिनसदृश वृद्धिघटक-१ माध्यमात असल्यास उष्णतेमुळे होणारा पेशीमृत्यू घटतो व अधिक भ्रूण विकास पावतात. या घटकासह वाढवलेले भ्रूण दुभत्या गाईंत प्रत्यारोपित केले असता उष्ण हंगामात गर्भधारणेचे प्रमाण सुधारले. थंड हंगामात तसा लाभ दिसला नाही. साध्या थेंबात नसलेला मातेचा ‘संवाद’ भ्रूणासाठी किती मोलाचा असतो, हे यातून कळते.

६.४ चयापचयातील मितव्यय :
इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाचे हेन्री लीझ यांनी २००२ साली ‘शांत भ्रूण’ ही परिकल्पना मांडली. तिचा आशय असा की, ज्या भ्रूणांचा चयापचय संयत असतो ती भ्रूणे अधिक टिकाऊ असतात. उलट ज्यांच्यात पोषणद्रव्यांची उलाढाल मोठी असते त्यांची शक्ती इजा दुरुस्त करण्यात खर्ची पडत असते. पुढे या परिकल्पनेत सुधारणा होऊन अतिमंद चयापचयही हितकारक नाही, ‘बेताचा’ चयापचयच उत्तम, असे मत मांडले गेले. या विचाराने ताणाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. ताणाला झटपट व जोरकस प्रतिसाद देणारे भ्रूण सर्वात सशक्त असते, असे मानण्याचे कारण उरले नाही. प्रतिसाद देण्याची वेळच ज्याच्यावर कमी येते, ते भ्रूण अधिक सुदैवी ठरते.

७. वंशपरत्वे सहनशीलता आणि भारतीय गोवंश :
उष्णता सोसण्याची क्षमता सर्व गोवंशांत सारखी नसते. वशिंड असलेल्या गोवंशाचे, उदाहरणार्थ ब्राह्मण व नेलोर जातींचे भ्रूण, होल्स्टिन किंवा अँगस या युरोपीय जातींच्या भ्रूणांपेक्षा उष्णतेचा आघात अधिक चांगल्या प्रकारे सोसतात, असे प्रयोगशाळेतील तुलनेतून आढळले आहे. म्हणजे ही सहनशीलता केवळ त्वचा, घाम वा केसांपुरती मर्यादित नसून पेशीच्या पातळीवर, भ्रूणावस्थेपासूनच अस्तित्वात असते. ब्राह्मण व होल्स्टिन गाईंच्या अंडपेशींचे अँगस वळूच्या वीर्याने फलन करून केलेल्या तुलनेत, २००२ साली, अंडपेशीचा वाटा अधिक महत्त्वाचा असल्याचे दिसले. मातेकडून मिळणाऱ्या शिदोरीचे जे महत्त्व वर सांगितले, त्याच्याशी हे निरीक्षण सुसंगत आहे.

या जातींचे मूळ भारतात आहे, ही बाब येथील वाचकास विशेष महत्त्वाची वाटावी. ब्राझीलमधील नेलोर जात आंध्रातील ओंगोल गोवंशापासून विकसित झाली. अमेरिकेतील ब्राह्मण जातीच्या घडणीत गीर, कांकरेज व ओंगोल यांच्यासह महाराष्ट्र-कर्नाटकातील कृष्णा खोऱ्यातील गोवंशाचाही वाटा आहे. ब्राझीलने गीर व नेलोर जातींच्या बळावर प्रयोगशाळेत भ्रूणनिर्मिती करणाऱ्या देशांत अग्रस्थान मिळवले. महाराष्ट्रातील खिलार, देवणी, डांगी, लाल कंधारी या जातींच्या भ्रूणांचा अशाच काटेकोर पद्धतीने अभ्यास झाल्यास या जातींच्या संवर्धनाला शास्त्रीय आधार लाभेल. केवळ दुधाच्या आकड्यांवरून जातीचे मोल ठरवताना पेशीतील ही ठेव नजरेआड होण्याचा धोका असतो.

८. तगून राहण्याची किंमत :
आयर्लंडमधील डब्लिन येथे रिझोस, लोनर्गन व सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या क्षेत्रातील एक मूलभूत भेद स्पष्ट केला. किती भ्रूणे ब्लास्टोसिस्ट होतील हे मुख्यतः अंडपेशीच्या गुणवत्तेवर ठरते. पण झालेले ब्लास्टोसिस्ट किती दर्जेदार असतील हे फलनानंतरच्या वातावरणावर ठरते. प्रयोगशाळेत फलित केलेली अंडपेशी मेंढीच्या अंडवाहिनीत वाढवली असता ब्लास्टोसिस्टची संख्या फारशी बदलली नाही, परंतु त्यांची गोठवण सोसण्याची क्षमता मात्र पुष्कळ सुधारली. संख्या आणि गुणवत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून सिद्ध झाले.

प्रतिकूल माध्यमात तगलेले भ्रूण बाहेरून सुस्थितीत दिसू शकते. परंतु त्याच्या पेशीत मेदाचे थेंब अधिक साठलेले असू शकतात, पेशींची संख्या कमी असू शकते आणि जनुकांवरील मिथिल गटांच्या खुणा बदललेल्या असू शकतात. या खुणा जनुक केव्हा व किती कार्य करील हे ठरवतात. १९९० च्या दशकात रक्तद्रव मिसळलेल्या माध्यमात वाढवलेल्या भ्रूणांपासून काही वासरे व कोकरे अवाजवी वजनाची जन्मली. प्रसूती अडणे, श्वसनाचा त्रास, जन्मानंतरचे मृत्यू असे प्रकार घडले. ‘अतिकाय अपत्य लक्षणसमूह’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकाराचा मेंढीतील वृद्धिनियंत्रक जनुकाच्या बदललेल्या खुणांशी असलेला संबंध २००१ साली रोझलिन संस्थेच्या संशोधकांनी दाखवला. पहिल्या आठवड्यातील वातावरणाचे पडसाद नऊ महिन्यांनंतर गोठ्यात उमटू शकतात, हे या घटनांनी शिकवले.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, प्रयोगशाळेत तयार झालेले भ्रूण मिळालेल्या गाईंपैकी सुमारे २७ टक्के गाईच जिवंत वासराला जन्म देतात आणि एकूण हानीपैकी सुमारे ६० टक्के हानी गर्भावस्थेच्या पहिल्या सहा आठवड्यांत होते. हा हिशेब मांडून पाहिल्यास १०० अंडपेशींपासून सुमारे ३० ब्लास्टोसिस्ट आणि ३० ब्लास्टोसिस्टपासून सुमारे ८ वासरे, असे चित्र उभे राहते. प्रयोगशाळेच्या अहवालात ३० हा आकडा यशाचा असतो. पशुपालकाच्या दाव्यावर मात्र आठच वासरे बांधली जातात.

९. पशुपालक व प्रयोगशाळा यांच्या दृष्टीने महत्त्व :
भ्रूण गर्भाशयात टिकले नाही तर गाय उलटते आणि पुढचा माज येईपर्यंत किमान तीन आठवडे जातात. गर्भ महिना-दीड महिन्याने गेल्यास नुकसान आणखी वाढते. या काळातील चारा, औषधोपचार व भाकड दिवसांचा भार प्रयोगशाळेवर पडत नाही. तो गोठ्याच्या मालकावर पडतो. म्हणून भ्रूणाचा ताण हा केवळ पेशीशास्त्राचा विषय न राहता ग्रामीण अर्थकारणाचाही विषय बनतो.

तथापि या तंत्राची जमेची बाजूही नोंदवणे न्याय्य ठरेल. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. अशा दिवसांत दुभत्या संकरित गाईच्या शरीराचे तापमान वाढते व नुकतेच फलित झालेले भ्रूण त्यात नष्ट होण्याचा संभव असतो. सातव्या दिवसाचे भ्रूण प्रत्यारोपित केल्यास ते आपला नाजूक काळ आधीच पार करून आलेले असते. फ्लोरिडातील उष्ण हवामानात या मार्गाने उन्हाळ्यातील गर्भधारणेचे प्रमाण सुधारता आले. एका ताणापासून भ्रूणाला वाचवणारी प्रयोगशाळाच त्याच्यावर दुसरे ताण लादते, आणि या दोहोंचा ताळमेळ घालणे हेच या तंत्रापुढील खरे आव्हान आहे.

उपरोक्त विवेचनावरून काही व्यावहारिक बाबी पुढे येतात. पहिल्या तीन दिवसांत थाळी बाहेर काढणे टाळावे. ऑक्सिजनचे प्रमाण मर्यादित ठेवावे. माध्यम भ्रूणाच्या वयानुरूप असावे. अखंड वीजपुरवठ्याची पर्यायी सोय असावी. दाता गाईची निवड करताना तिचे आरोग्य व ऋतुमान पाहावे. त्याचबरोबर प्रयोगशाळेच्या यशाचे मोजमाप तयार झालेल्या भ्रूणांच्या संख्येवर न करता जन्मलेल्या निरोगी वासरांच्या संख्येवर केले जावे. असे झाल्यास पशुपालकाला निर्णय घेण्यासाठी खरी माहिती मिळेल.

१०. निष्कर्ष :
१) गोवंशीय भ्रूणाची ताण सोसण्याची क्षमता त्याच्या वयानुसार विकसित होते. स्वतःची जनुके कार्यरत होण्यापूर्वीचा काळ सर्वाधिक नाजूक असतो.
२) उष्णताघात प्रथिने, ग्लुटाथायोनची साखळी, नियोजित पेशीमृत्यू व चयापचयातील मितव्यय या यंत्रणा परस्परपूरक आहेत. त्यांतील एकच यंत्रणा बळकट करून भ्रूण सुरक्षित होत नाही.
३) संरक्षणाचा काही भाग अंडपेशीतून येतो. म्हणून दाता गाईची जात, आरोग्य व तिने सोसलेले हवामान यांना महत्त्व आहे.
४) ब्लास्टोसिस्टची संख्या हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे. तगून राहिलेल्या भ्रूणाने सोसलेल्या ताणाच्या खुणा पुढील गर्भावस्थेत प्रकट होऊ शकतात.
५) वशिंडधारी भारतीय गोवंशाची पेशीच्या पातळीवरील उष्णता-सहनशीलता ही मौल्यवान जैविक संपदा असून तिचा स्थानिक पातळीवर अभ्यास होणे गरजेचे आहे.

भ्रूणाला ताणाशी झुंजण्यास शिकवण्यापेक्षा त्याच्यावरील टाळता येण्याजोगा ताण दूर करणे, हे आजवरच्या संशोधनाचे सार म्हणता येईल. प्राणिशास्त्र, जीवरसायनशास्त्र, पशुवैद्यक व कृषी अर्थशास्त्र या शाखांच्या अध्यापकांनी एकत्र येऊन या विषयाचा अभ्यास केल्यास प्रयोगशाळेतील थाळी आणि शेतकऱ्याचा गोठा यांतील अंतर कमी होण्यास निश्चितच साहाय्य होईल.